खाचेतली वाळू

मला पोहता येत नाही.
हे आधीच सांगितलेलं बरं,
कारण चंद्रिका वैतीचं नाव निघालं की लोक
खोल पाण्याबद्दल बोलायला लागतात
आणि मला ठाऊक आहे ते एवढंच:
लॅमिंग्टन रोडवर दुसऱ्या मजल्यावरचं टेबल,
दिवा, चिमटा, कानकोरणं,
आणि तिच्या कॅमेऱ्याची ॲल्युमिनियमची पेटी.
झाकणाला काळी रबरी रिंग,
बांगडीपेक्षा बारीक.
चाळीस मीटर समुद्र तेवढ्यावर अडतो.

तिचे प्रवास मी त्या रिंगेच्या खाचेत वाचले.
पिठासारखी पांढरी वाळू म्हणजे लक्षद्वीप.
शिंपल्यांचा चुरा, अंदमान.
करडी, मध्येच अभ्रक चमकणारी, मालवणची.
एकदा एकच गुलाबी कण निघाला.
कुठला, ते तिने सांगितलं नाही.
त्या वर्षी तिचं लग्न मोडलं होतं.

कुठल्याशा देशात तिला काचेचा मासा मिळाला, बक्षीस.
तो माझ्या टेबलावर बिलं दाबून बसलेला असतो.

तिची आई एकदा जिना चढून आली,
पाटी दाराबाहेर ठेवून.
म्हणाली, मेलेला मासा विकून मी तीन पोरं वाढवली.
ही जिता मासा विकते
आन् मासा ऱ्हातो पाण्यातच!
हिशेब करत करतच ती जिना उतरली.

दोन हजार नऊ साली, नेत्राणी बेटापाशी,
पेटीत पाणी शिरलं.
आधी दोन थेंब, मग काचेवर धुकं,
मग कॅमेरा गप्प.
आत साडेसहा मिनिटं होती
ऑक्टोपसच्या एका मादीची,
कपारीत उपाशी बसून
अंड्यांवर पाण्याची फुंकर घालणारी.
तिची अंडी फुटायच्या आत परत जाणं शक्य नव्हतं.

पेटी माझ्याकडे आली. उघडली.
रिंगेवर आडवा पडला होता एक केस.
आखूड, पांढरा.
चंद्रिकाचे तेव्हा कमरेपर्यंत होते, काळेभोर.
मी तो चिमट्याने उचलला
आणि म्हणालो, रबर जुनं झालं होतं.
ती म्हणाली, असेल.
नवी रिंग माझ्याकडूनच बसवून घेतली.
तेव्हापासून मी डोक्याला रुमाल बांधून कामाला बसतो.
तिने कधी विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत कानाच्या डॉक्टरने
तिला खोल पाणी बंद केलं.
मला वाटलं, आता पेटी माळ्यावर जाईल.
तर दर पंधरा दिवसांनी हजर,
खाचेत काळाकुट्ट गाळ, ग्रीससारखा चिकट.
हे कुठलं?
घरचं, म्हणाली.

आपल्या पाण्यात काय दिसणार, मी म्हणालो,
हात घातला तर बोटं दिसत नाहीत.
वीतभर दिसतं, ती म्हणाली.
मला वीत पुरते.

अमावास्येच्या ओहोटीला ती मला घेऊन गेली,
वरळीच्या खडकांमागे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.
शेवाळ, कालवं, प्लास्टिक, एक देवाची तसबीर.
साठीची बाई ढोपरावर आडवी झाली
हातभर डबक्यात,
आणि छोट्या पडद्यावर मला दिसला
तुटक्या चपलेचा तळवा,
आणि तळव्यावर, तांदळाच्या दाण्याएवढा,
कडेला केशरी किनार असलेला एक जीव,
सावकाश चरत.

कोळीवाड्याची पोरं ओरडली,
मावशे, काय हरवलं गं?
तिने हात वर करून त्यांना थोपवलं
आणि श्वास धरला.
तोंड तर पाण्याबाहेर होतं,
तरी धरला.
मीही.

किती वेळ गेला कोण जाणे. पाणी फिरलं.
तळवा हलला, उचलला गेला
आणि तो दाणा आपल्या अख्ख्या चपलेसकट
सी-लिंकच्या दिशेने निघून गेला.

मिळालं? मी विचारलं.
ती पेटी उलटी करून काच उजेडाला धरत होती.
आत थेंब दिसतोय की बाहेरून आहे,
तुम्हीच बघा, म्हणाली.
रुमाल आणलाय ना?